संपर्क तुटलेली माणसं

पौर्णिमा थूल एका जागी बसत नाही, हे तिच्या विभागातल्या सगळ्यांना माहीत होतं. वर्ध्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ती संख्याशास्त्रज्ञ होती. कामच खुर्चीत बसून करायचं. पण ती घडीघडी उठायची, खिडकीपाशी जाऊन यायची, बाटली भरलेली असताना पाणी आणायला निघायची आणि परत येऊन पडद्यावरच्या त्याच रेघेकडं बघत राहायची.

ती रेघ माणसांच्या जगण्याची होती. रक्ताच्या कर्करोगासाठी बोनमॅरो बदललेल्या रुग्णांची, नावं वगळलेली माहिती काही रुग्णालयांनी एकत्र केली होती, आणि असे रुग्ण दहा-पंधरा वर्षांनी किती उरतात याचा अंदाज बांधायचं काम पौर्णिमाकडं आलं होतं. रेघ वरून सुरू व्हायची. पहिल्या वर्षात ती सरळ खाली कोसळायची. मग उतार मंदावायचा, आणि पाचव्या वर्षाच्या पुढं ती जवळजवळ आडवी व्हायची. पौर्णिमाचं गणित असं धरून चाललं होतं की या लोकांत दोन तऱ्हेची माणसं मिसळलेली आहेत. काहींचा आजार कायमचा गेलेला. ती चारचौघांसारखी जगतील आणि चारचौघांसारखीच कधीतरी जातील. बाकीच्यांचा आजार आत कुठंतरी दबा धरून बसलेला. पहिल्या तऱ्हेची माणसं शंभरात किती, हे गणित बऱ्यापैकी सांगायचं. समोर उभा असलेला माणूस त्यातला कोणता, ते मात्र त्याला सांगता यायचं नाही.

पौर्णिमाचा जीव अडकला होता तो इथंच. तिचा धाकटा भाऊ अश्वजित त्याच रेघेवरचा एक माणूस होता.

थूल मूळचे हिंगणघाटचे. वडील सूतगिरणीत होते. मुलं शाळेत असतानाच ते वारले, आणि आई कमलाबाईंनी अंगणवाडीत काम करून दोघांना वाढवलं. अश्वजित आयटीआयला असताना त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अंगावर निळे डाग उठले. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी सेवाग्रामला पाठवलं, तिथून नागपूर. बोनमॅरो बदलावा लागेल म्हणाले. पौर्णिमाचा जुळला. त्या दिवशी कमलाबाई आनंदानं रडल्या, आणि पोरीच्या अंगातून आता काय काय काढतील या धास्तीनं पुन्हा रडल्या.

पौर्णिमा तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. काचेपलीकडं केस गेलेला, ओठ सोललेला भाऊ पडलेला, आणि अलीकडं ही. तिनं डॉक्टरांना विचारलं, "वाचेल ना?" ते म्हणाले, "शंभरातले साठ वाचतात." बाकी सगळं ती विसरली, पण हे साठ कोणी मोजले, कुठं मोजले, किती वर्षं मोजले, हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो निघालाच नाही. अश्वजित घरी आला, त्याला केस आले, भूक आली, आणि पौर्णिमा नागपूरला संख्याशास्त्रात एमएस्सी करायला गेली. आपण हा विषय का घेतला हे तिनं कोणाला सांगितलं नाही. कमलाबाईंना वाटायचं, पोरगी बँकेची परीक्षा देईल.

पाच वर्षं उलटली त्या दिवशी ती पेढे घेऊन घरी गेली होती. लॅपटॉप उघडून तिनं भावाला कुठल्याशा परदेशी अभ्यासातली रेघ दाखवली. "हे पाह्य, इथं सपाट होते. तू आता इथं हायेस."

"म्हणजे सुटलो मी?"

"तुझ्यासारखे बहुतेक सुटतात."

अश्वजितनं पेढा तोंडात टाकला आणि तो बाहेर गेला. त्याला सौरपंप बसवायचं काम मिळालं होतं. आज समुद्रपूरकडच्या वावरात, उद्या देवळीकडं, मोटारसायकलला शिडी बांधून तो भर उन्हात जिल्हाभर फिरायचा. त्या दिवसापासून तो निर्धास्त झाला असं घरच्यांना वाटलं. पौर्णिमा मात्र निर्धास्त झाली नाही. ती रोज सकाळी त्याला फोन करायची. त्यानं उचलला नाही तर तिची भाजी करपायची. उचलला आणि तो खोकला, तर ती "धूळ गेली का घशात?" असं हसत विचारायची आणि दिवसभर तो खोकला डोक्यात घेऊन हिंडायची. त्याचं वय, आजाराचा प्रकार, दात्याचं नातं, सगळं घालून तिनं त्याचा आकडा काढला होता. आकडा चांगला आला. तिनं तो पुन्हा काढला, पुन्हा चांगला आला, तरी तिचं समाधान होईना.

दिवाळीच्या थोडं आधी, एका दुपारी ज्योत्स्ना तिच्या टेबलापुढं येऊन उभी राहिली.

ज्योत्स्ना केळझरच्या टपाल कार्यालयात शाखा डाकपाल होती. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर सौरपॅनल बसवायला आलेल्या अश्वजितशी तिची ओळख झाली, ओळख वाढली, आणि आता दोन्ही घरी लग्नाची बोलणी चालली होती. पौर्णिमानं तिला दोनदाच पाहिलं होतं, तेही हसताना. आज ती हसत नव्हती.

"ताई, मी घरी न सांगता आली. तुमच्या भावालेही माहीत नाई."

"बस आधी. काय झालं?"

"ते दर सहा महिन्यांनी नागपूरले तपासाले जातात ना?"

"हो. मागच्या आठवड्यातच जाऊन आला."

ज्योत्स्नानं मान हलवली. "मागच्या आठवड्यात ते केळझरले होते. दिवसभर. उन्हाळ्यात म्हणे तपासणी होती, तवा आमी बोरधरणाले गेलतो. मले वाटे, सुट्टी काढून येतात. मागच्या आठवड्यात माझ्यासमोर आईंचा फोन आला, नागपूरहून निघाला का म्हणून. अन् हे माझ्या बाजूले बसून म्हणतात, हाव आई, निघालो."

 पौर्णिमा उठली आणि लगेच पुन्हा बसली.

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणतात, माझ्या बहिणीनं हिशोब केला हाय, पाच वर्सं झाली का मानूस सुटते. ताई, खरंच सुटते का?"

पौर्णिमा बोलू लागली आणि बोलता बोलताच तिला आपलं म्हणणं नव्यानं ऐकू यायला लागलं. "सुटतात बरेच जण. पण ज्योत्स्ना, ही जी सपाट रेघ आहे ना, ती तपासणीला येत राहिलेल्या माणसांवरून काढलेली आहे. त्यांची थायरॉइड, हृदय, लिव्हर बघतात, लसी देतात, काही निघालं तर वेळेत औषध देतात. जी माणसं यायची थांबली त्यांच्यापुढं आम्ही लिहितो, संपर्क तुटला. आणि गणित असं धरतं की त्यांचंही इतरांसारखंच बरं चाललं असेल."

"चाललं असते का?"

"मला माहीत नाही. कोणी जाऊन बघितलेलं नाही."

ज्योत्स्नानं पडद्यावरच्या रेघेकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे हे बी आता त्यातलेच झाले."

पौर्णिमानं तिला बसस्टँडपर्यंत सोडलं आणि तिथूनच हिंगणघाटची एसटी धरली. विभागात कळवायचंही तिला सुचलं नाही. घरी पोचली तेव्हा कमलाबाई ज्वारीचं पीठ चाळत होत्या. "अवो, अशी मधातच कशी आली तू?" असं त्या म्हणेपर्यंत दारात मोटारसायकल थांबली. शिडी सोडणाऱ्या भावाला पौर्णिमा म्हणाली, "चाल, पुलाकडं जाऊन येऊ." त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं शिडी भिंतीला टेकवली.

दोघं वेणा नदीच्या पुलापाशी आली. मग पौर्णिमानं तोंड उघडलं ते एकदम.

"दोन खेपा तू नागपूरले गेला नाईस. काऊन?"

"ज्योत्स्नानं सांगतलं?"

"कोणीही सांगो. काऊन नाई गेला?"

"दोन नाई. चार झाल्या." तो पाण्याकडं बघत होता. "तूच तं म्हणे, सुटलो म्हणून."

"म्या बहुतेक म्हणलं होतं! बहुतेक!" पौर्णिमाचा आवाज चढला. पुलावरून जाणाऱ्या सायकलवाल्यानं वळून पाहिलं. "आईशी खोटं बोलतं, माझ्याशी खोटं बोलतं, ज्या पोरीशी लगन करतं तिच्यासमोर बसून खोटं बोलतं. तुले काही वाटते का नाई?"

"तू फोन करतं ना रोज," अश्वजित म्हणाला, "तू मले विचारतं, जेवला का, कुठं हायेस. पण तू ऐकतं काय? माझा श्वास ऐकतं. मले समजत नाई का? तुले मी भाऊ कमी अन् पेशंट जास्त वाटतो."

हे तिला झोंबलं, कारण खरं होतं.  तेवढ्यात तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, दुर्गेश आठवते?"

दुर्गेश मडावी. समुद्रपूरच्या पलीकडच्या एका गावातला गोंड पोरगा, अश्वजितच्याच वयाचा. नागपूरला दोघांच्या खोल्या लागून होत्या. बाहेर पडायची बंदी, तेव्हा दोघं भिंतीवर टकटक करून एकमेकांना उठवायचे. पुढं फोनवरून दुर्गेशनं त्याला गोंडी शिव्या शिकवल्या आणि यानं त्याला वायरिंग शिकवलं.

"आठवते ना. त्याचं काय?"

"दुर्गेश गेला. दोन वर्सं झाली."

पौर्णिमा त्याच्याकडं वळली.

"म्या फोन लावला तं बाईनं उचलला. म्हणे, दुर्गेश गेला. म्या फोन ठेवून देल्ला. मंग तिकून फोन आले तं उचललेच नाई. नंबरच बदलला." अश्वजितनं तोंडावरून हात फिरवला. "त्याले सहा वर्सं झाली होती ताई. तो तुझ्या रेघेवर सपाट जागीच होता ना? त्याच्यानंतर मी नागपूरच्या गाडीत बसलो होतो एकडाव. जाम गावच्या चौकातच उतरलो. तो डॉक्टर रिपोर्ट पाहत असते अन् बोलत नाई, तेवढा टाइम मले सहन नाई होत. तुझा हिशोब म्या लोकायले सांगाले ठेवला होता. मले सोताले तो कधी पटलाच नाई."

पौर्णिमाला वाटलं होतं, भाऊ बेफिकीर झालाय. तो तर तिच्यापेक्षाही जास्त घाबरलेला होता, आणि दोन वर्षं एकटाच. तिनं त्याचा हात धरला. मग तिच्या मनात दुसरा विचार आला आणि तो तिला आवरेना.

"कशानं गेला दुर्गेश?"

"आजारानंच. अजून कशानं?"

"तुले कोणी सांगतलं?"

"सांगाले कशाले पायजे?"

"म्हणजे तुले माहीत नाई," पौर्णिमा म्हणाली. "उद्या त्याच्या घरी जाऊ."

तो नाही म्हणाला. घरी येईपर्यंत नाही म्हणत होता, जेवतानाही नाही म्हणाला. सकाळी मात्र तो तिच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसला होता. समुद्रपूरपर्यंत एसटी आणि पुढं काळीपिवळी जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती, बाया वेचणीला वाकलेल्या होत्या. अश्वजित सारखा पाय हलवत होता. उतरल्यावर दोनदा म्हणाला, "आपण परत जाऊ." पौर्णिमा पुढं चालत राहिली. तिनं आजवर हजारो मृत्यू मोजले होते. त्यातल्या एकाच्याही दारात ती कधी गेली नव्हती.

दार उघडलं ते दुर्गेशच्या थोरल्या बहिणीनं, सखूनं. नागपूरला पौर्णिमानं तिला पाहिलेलं होतं, कारण भावाच्या काचेअलीकडं पौर्णिमा उभी असायची तशी शेजारच्या काचेपाशी सखू उभी असायची. दुर्गेशला बोनमॅरो तिनंच दिला होता. सखूनं आधी पौर्णिमाला ओळखलं, मग तिची नजर अश्वजितवर गेली आणि तिचा चेहरा कठीण झाला.

"फोन तूच ठेवला होता ना? म्या कितीक डाव लावला परत. दुर्गेशचा एकच दोस्त होता तू. त्याच्या मातीले बी आला नाईस."

 पौर्णिमाच म्हणाली, "सखूताई, तो भ्याला. दुर्गेशचा आजार परत उलटला हे ऐकून तो…"

"आजार?" सखू मधेच म्हणाली. "कोनं सांगतलं आजार म्हनून?"

सखू उंबरा ओलांडून ओट्यावर आली.

"गाडीवरून येत होता संध्याकाळी. कापसाची ट्रॉली रस्त्यावर उभी, मांगं दिवा ना काही. तिच्यात घुसला. दवाखान्यात रक्त पायजे म्हनले तं म्या हात पुढं केला. त्याचं रक्त माझ्याच गटाचं झालतं ना, म्या बोनमॅरो देल्ला तवापासून. पन सुई लावेपर्यंतच…" सखूनं पदरानं डोळे पुसले. "आजार कशाचा? तपासाची एक बी खेप चुकला नाई तो. मेला त्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरनं सांगतलं होतं, एकदम बढिया हायेस."

अश्वजित ओट्याच्या कडेवर बसला आणि ढसढसा रडायला लागला. सखू क्षणभर तशीच उभी राहिली. मग ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुयं बरं हाय ना?" तिनं विचारलं. "तू जातं ना तपासाले?" त्यावर तो आणखी रडला. सखूनं पौर्णिमाकडं पाहिलं आणि तिला काय ते समजलं. मग ती त्याला रागावली, आपल्या भावाला रागवावं तशी, अर्धं मराठीत आणि अर्धं गोंडीत.

चहा झाल्यावर पौर्णिमानं चाचरत विचारलं, "ताई, आमच्या अभ्यासात दुर्गेश असेल, तर त्याच्यापुढं नुसतं 'संपर्क तुटला' असं असेल. रुग्णालयाकडून रीतसर विचारणा करवली, तर तुम्ही सांगाल का, काय झालं ते?"

"सांगतो ना. मले कोनी विचारलंच नाई आजवर." सखूनं कपबश्या उचलल्या. "पन आजारानं मेला असं लिहू नोका. आजाराले त्यानं हरवलं होतं."

परतीच्या काळीपिवळीत अश्वजित बराच वेळ बाहेरच्या कपाशीकडं बघत होता. मग म्हणाला, "ताई, मले हलकं वाटून राह्यलं. दुर्गेश गेला, अन् मले हलकं वाटते. मी कसा मानूस हाय?"

"तू जिता मानूस हायेस," पौर्णिमा म्हणाली. "ज्योत्स्नाले सगळं सांगजो. मुलाबाळांचंही."

त्यानं मान खाली घातली. प्रत्यारोपणाआधीच्या जहाल औषधांनी मूल होण्याची शक्यता जवळपास संपते, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ज्योत्स्नाला त्यानं "रक्ताचा आजार होता, बरा झाला" एवढंच सांगितलेलं होतं.

दिवाळी झाल्यावर तो नागपूरला गेला, आणि ज्योत्स्नाला त्यानं सोबत नेलं. तिनं डॉक्टरांना आपले प्रश्न स्वतः विचारले. डॉक्टर अश्वजितला खूप बोलले. तपासण्यांत कर्करोगाचा मागमूस नव्हता, पण थायरॉइड पार मंदावलेली निघाली. आपण थकतो ते उन्हानं, असं तो वर्षभर समजत होता. कायमची एक गोळी लागली, राहिलेल्या लसी सुरू झाल्या, उन्हात लांब बाह्यांचा सदरा आणि टोपी सक्तीची झाली. परत येताना ज्योत्स्ना केळझरला उतरली ती काही न बोलता. नंतर तीन आठवडे तिनं फोन केला नाही. अश्वजित घरात येरझाऱ्या घालायचा आणि तिकडं वर्ध्यात पौर्णिमा. शेवटी ज्योत्स्नाचा फोन आला तो कमलाबाईंना. "आई, मी माझ्या घरी सगळं सांगतलं. बाबा अजून नाराज हायेत, पण येतील. मूल आपण दत्तक घेऊ म्हणते मी. तुमची हरकत नाई ना?" कमलाबाईंना आधी हुंदकाच फुटला, मग त्या म्हणाल्या, "तू ये तं खरी." वैशाखात केळझरच्या विहारात लग्न झालं. सखू आली होती. तिनं नवरदेवाचा कान धरला, तेव्हा सगळे हसले.

पौर्णिमाचा अभ्यास मात्र लांबला. विभागप्रमुख इंगोले मॅडमना तिनं सांगितलं की संपर्क तुटलेल्या माणसांपर्यंत पोचल्याशिवाय त्या रेघेचं शेवटचं टोक आपण कोणाला दाखवू नये. मॅडम आधी वैतागल्या, कारण मुदत जवळ आलेली होती. पण मग परवानग्या मागवल्या गेल्या, रुग्णालयांनी घरच्यांची संमती घेतली, आणि पौर्णिमा एका समाजसेविकेबरोबर गावं धुंडायला लागली. काही घरांत हार घातलेले फोटो होते. कोणी आजार उलटून गेलं होतं, कोणी साध्या तापाकडं दुर्लक्ष होऊन, कोणी विहिरीत पडून. आजारानं गेलेले आणि इतर कारणांनी गेलेले तिनं गणितात वेगळे केले. रेघ उजवीकडं पूर्वीपेक्षा थोडी खाली वाकली. अश्वजितचा आकडाही त्याबरोबर थोडा उतरला असणार. तो तिनं पुन्हा काढला नाही. दोनदा हात गेला, पण नाही काढला.

तिची तगमग गेली असं म्हणता येणार नाही. ती अजूनही सकाळी फोन करते आणि अजूनही मधेच उठून खिडकीपाशी जाते. फक्त आता फोनवर ती पंपांचं विचारते, भांडते, ज्योत्स्नाच्या चुगल्या ऐकते, आणि कधीकधी श्वासाकडं लक्ष द्यायचं विसरून जाते.

परवा ती आर्वीकडच्या एका गावात गेली होती. नऊ वर्षांपूर्वीचं प्रत्यारोपण, शेवटची भेट चौथ्या वर्षी, पुढं काही नाही. पत्त्यावरचं घर सापडलं. अंगणात एक म्हातारी वाळत घातलेल्या मिरच्या उलटत होती.  पौर्णिमानं यादीतलं नाव सांगितलं आणि विचारलं, "इथंच राहत होते ना ते?"

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मान वळवून ती घरामागं ओरडली, "अरे बंडू! कोनी म्याडम आल्या तुयासाठी. ते खोदनं सोड अन् हात धुऊन ये!"

कुदळीचा आवाज थांबला. मागच्या दारानं गुडघ्यापर्यंत माती लागलेला, पोट सुटलेला एक माणूस कपाळाचा घाम पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "बसा ना. काय काम काढलं?"